नाचातली बंदूक

बहारीनच्या राष्ट्रीय दिनाला, १६ डिसेंबरला, 'अर्दा' नाच बघायला जरूर जा. ढोलाच्या तालावर पुरुषांच्या रांगा झुलतात. हातांत तलवारी आणि जुन्या बंदुका. त्या बघितल्या की मला कॉलेजातली एनसीसीची फायरिंग रेंज आठवते. पालथं पडायचं, श्वास रोखायचा आणि पॉइंट टू-टूने २५ यार्डांवर नेम धरायचा.

तिची थोरली बहीण थ्री-नॉट-थ्री, मूळची ब्रिटिश लष्कराची. तिच्या गोळ्या आपल्या खडकीच्या कारखान्यातही बनत. बुडाशी 'केएफ' ही अक्षरं असत. २६ नोव्हेंबर २००८ ला सीएसटीवर काही पोलिसांकडे हीच बंदूक होती, समोर एके-४७. नाचात जुनी बंदूक शोभते, रेंजवर नेम शिकवते. पहाऱ्यावरच्या माणसाला मात्र नवीच द्यायला हवी होती.