रजिस्टरात नाव आहे का?

मुळशी तालुक्यात पोराला कामाला लावायचं म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा हिंजवडी येते. आयटी पार्कात सिक्युरिटी, कॅन्टीन, कॅब. नाहीतर पिरंगुटकडचे कारखाने. दगडखाण कुणाच्या यादीत नसते. ज्याचं कुठंच जमलं नाही, त्यानं तिथं जावं अशी आपली समजूत. पण हिंजवडीच्या इमारती, माणहून शिवाजीनगरकडे जाणारी मेट्रो, होऊ घातलेला रिंग रोड, या सगळ्यांच्या पोटात खडीच आहे. नदीची वाळू दुर्मीळ झाल्यापासून वाळूसुद्धा दगड दळूनच करावी लागते. एका अंगाला वाघोली, लोणीकंद, भावडी. दुसऱ्या अंगाला मोशी. आमच्या बाजूला नांदे-चांदे. आसपासच्या टेकड्या फोडूनच पुणं वर चढलं.

मी पेशाने खाण व्यवस्थापक. नागपूरला डिप्लोमा केला, चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोळशाच्या उघड्या खाणींत उमेदीची वर्षं काढली आणि आता पुणे जिल्ह्यातल्या दगडखाणींची सुरक्षितता बघतो. गावाकडची पोरं येतात, म्हणतात, "काका, क्रशरवर कुठं तरी चिकटवा की." मी विचारतो, "कशावर?" त्यांच्याकडे उत्तर नसतं. त्यांच्या लेखी क्रशर म्हणजे धूळ आणि हायवा टिपर. तिथं कामं किती तऱ्हेची असतात आणि कुठल्या कामातून पुढे वाट निघते, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

पहिली गोष्ट कायद्याची. खाण म्हटली की आपल्याला धनबाद आठवतं, भुयार, पाळणा आणि डोक्यावरचा दिवा आठवतो. पण १९५२च्या खाण कायद्याने टेकडीवरच्या दगडखाणीलाही खाणच मानलं. त्याच्या तिसऱ्या कलमात मुरूम, इमारतीचा दगड, रस्त्याची खडी अशा खनिजांच्या उघड्या खाणींना बऱ्याच तरतुदींतून सूट दिली. पण ती तीन अटींवर. खोदाई सहा मीटरपेक्षा खोल नको, एका दिवशी पन्नासपेक्षा जास्त माणसं कामावर नकोत आणि स्फोटकं वापरायची नाहीत. आपला काळा बेसाल्ट सुरुंगाशिवाय किंवा ब्रेकरशिवाय हलत नाही. सुरुंग लावला की सूट संपली. मग त्या खाणीला व्यवस्थापक हवा, पाळीवर देखरेख ठेवणारा मायनिंग मेट हवा, ब्लास्टर हवा, कामगारांची नोंदवही हवी, वैद्यकीय तपासणी हवी. अठरा वर्षांखालच्या पोराला कामावर घ्यायचं नाही, ही अट तर सूट मिळालेल्या खाणीलाही चुकलेली नाही. २०२०च्या कामगार संहितेत हा कायदा सामावून घेतला गेला. म्हणून काही खाणीवरच्या रजिस्टरचं मोल कमी होत नाही, आणि या लेखात मला जे सांगायचं आहे ते त्या रजिस्टराभोवतीच आहे.

आधी कामं. डोंगराच्या तोंडावर ड्रिलिंगवाले असतात. लहान खाणीत कॉम्प्रेसर आणि जॅकहॅमर, मोठ्या खाणीत वॅगन ड्रिल. त्यांची मजुरी बहुतेक ठिकाणी भोकाच्या फुटावर. मग सुरुंग भरणारे. मग पोकलेन आणि ब्रेकरचे ऑपरेटर. त्यांना महिन्याचा पगार, आणि चांगला हात असेल तर मालक त्यांना जपून ठेवतो. हायवावाले खेपेवर. क्रशरवर हॉपर, जाळ्या आणि पट्टे सांभाळणारी माणसं, तिथली धूळ सगळ्यांत वाईट. वजनकाट्यावर महाखनिज प्रणालीतून वाहतुकीचा ई-पास काढणारा क्लार्क, ज्याला कॉम्प्युटर आणि ब्रासचा हिशोब दोन्ही यावं लागतं. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, हे तिथं पाढ्यासारखं पाठ असतं. आणि ज्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं तो फिटर-वेल्डर. बेसाल्ट भरडताना क्रशरचा जबडा सतत झिजतो, प्लेटा बदलाव्या लागतात, बेअरिंग जातात, पट्टा तुटतो. मशीन बंद पडलं की खाली गाड्यांची रांग लागते आणि मालकाचा जीव वर येतो. त्या वेळी आयटीआय झालेला पोरगा साहेबासारखा वागवला जातो. मुळशीतल्या मुलांना माझं पहिलं सांगणं हेच असतं: हेल्पर म्हणून जाऊ नका, फिटर, वेल्डर किंवा इलेक्ट्रिशियनचा ट्रेड करून जा.

या धंद्याचा पाया ज्यांनी घातला त्यांचं नावही इथं घेतलं पाहिजे. पुण्याभोवतीचा दगड पिढ्यान्‌पिढ्या फोडला तो वडार समाजाने. घण, पहार, सुतकी आणि छिन्नीच्या जोरावर. खडीमशीन सर्रास होण्याआधी गोणपाटाच्या सावलीत बसून बायका हातोडीने खडी फोडायच्या आणि पोरं शेजारीच धुळीत खेळायची. मुकादमाकडून उचल घ्यायची, ती फेडण्यासाठी अख्खं कुटुंब खाणीवर राहायचं आणि उचल कधी फिटायची नाही. खाणीवरच्या मुलांसाठी 'संतुलन' संस्थेने पाषाणशाळा चालवल्या त्या याच वस्त्यांवर. आता यंत्रं आली, मजूर मराठवाड्यातून, कर्नाटकातून, त्याहून जास्त उत्तरेकडून येतात. उचल मात्र गेलेली नाही. म्हणून दुसरं सांगणं: दसऱ्याला पोकलेनला झेंडूची माळ घालून मालक आनंदाने उचल पुढे करील, तेव्हा ती घेण्याआधी कपातीचा दर कागदावर लिहून घ्या.

आता दिवस कसा असतो ते. सकाळी लवकर सुरुवात, उन्हाळ्यात खडकाची भट्टी. कान आणि फुप्फुसं, दोन्हींची परीक्षा. पहिल्यांदा खाण बघायला गेलात तर पगार विचारण्याआधी मान वर करून दगडाची भिंत बघा. १९६१च्या धातुखाण नियमावलीप्रमाणे कठीण खडकात पायरी, म्हणजे बेंच, सहा मीटरपेक्षा उंच असता कामा नये. वरच्या मुरमाच्या थरात तर पायरी दीड मीटरची. जिथं तीन-चार मजल्यांएवढी सरळसोट भिंत उभी आहे, वर मुरूम लोंबतोय आणि खाली पोकलेन चाललाय, तिथं कितीही पैसे मिळत असले तरी परत फिरा. दगडखाणीतली मोठी भीती सुरुंगापेक्षा या भिंतीची असते. बेसाल्टला उभे जोड असतात, लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये लाल मातीचा पट्टा असतो. पावसाचं पाणी त्या फटींत शिरतं आणि वरून घट्ट दिसणारा कडा कसलीही सूचना न देता सुटतो. ताम्हिणीच्या पावसाचा आपला तालुका, त्यामुळे पावसाळ्यानंतरची पहिली पाळी मी नेहमी संशयाने बघतो. मेटने पहारीने सुटे दगड पाडून घेतल्याशिवाय कुणाला खाली जाऊ द्यायचं नाही, हा साधा नियम आहे.

सुरुंगाचं गणित वेगळं. भोंगा, लाल बावटे, रस्त्यावर दोन्ही बाजूंना माणसं उभी करून रहदारी अडवणं, हे सगळं दिसलं पाहिजे. सुरुंग उडाल्यावर ब्लास्टर आधी एकटा जाऊन बघतो. न उडालेलं भोक हा या धंद्यातला खरा यमदूत. त्या भोकात पहार घालायची नाही, त्यातली दारू उकरायची नाही, आणि आधीच्या सुरुंगाच्या उरलेल्या बुडख्यात पुन्हा ड्रिल लावायचं नाही. "जुनं भोक आहे, आयतं मिळालं," असं म्हणणारा सहकारी भेटला तर त्याच्यापासून लांब राहा.

धुळीबद्दल दोन टोकाचे समज आहेत. एक म्हणजे सगळ्या दगडखाण कामगारांना सिलिकोसिस होतोच. दुसरा म्हणजे आपला काळा दगड निर्धोक, त्याने काही होत नाही. बेसाल्टमध्ये मुक्त सिलिका राजस्थानच्या वालुकाश्माच्या मानाने पुष्कळच कमी असते, हे खरं. पण खडकाच्या पोकळ्यांत गारगोटी असते, आणि सिलिका कमी असली तरी बारीक धूळ वर्षानुवर्षं फुप्फुसात गेली की दम लागतोच. ड्रिल ओलं चालवणं आणि क्रशरवर पाण्याचे फवारे व झाकलेले पट्टे असणं, हा खरा इलाज. तोंडाला बांधलेला गमछा नाही. कामावर घेण्याआधी आणि नंतर दर पाच वर्षांनी छातीचा एक्स-रे, कानांची तपासणी आणि त्याचं प्रमाणपत्र हा खाणकामगाराचा हक्क आहे. पहिल्या एक्स-रेची प्रत घरी जपून ठेवा. पुढे आजार झाला तर तो खाणीत झाला, हे दाखवायला ती लागते.

आता रजिस्टर. खाणीवर प्रत्येक कामगाराची नोंद ठेवायची असते: नाव, वय, कामाचं स्वरूप, रुजू झाल्याची तारीख, अंगठा किंवा सही. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी ठेकेदाराच्या वहीत 'पक्या ड्रिल' किंवा 'बिहारी चार जण' एवढंच असतं. माझ्या ओळखीतला एक ड्रिलर असाच. एका खाणीवर त्याने ऐन तारुण्याची वर्षं काढली. खडकाला कान लावून पुढचा थर सांगायचा, इतका जाणकार. त्याला मी म्हटलं, ब्लास्टरच्या परीक्षेला बस. अर्जासोबत अनुभवाचा दाखला लागतो, व्यवस्थापकाच्या सहीचा, रजिस्टराशी जुळणारा. त्याचं नाव कुठल्याच रजिस्टरात नव्हतं. कागदावर तो त्या खाणीत एक दिवसही राबला नव्हता. आज तो अजून भोकाच्या फुटावरच मजुरी घेतो, आणि त्याने शिकवलेला, पण नोंद असलेला पोरगा दुसऱ्या खाणीवर मेट आहे.

खाणीच्या धंद्यात शिडी आहे, हे लोकांना माहीतच नसतं. मजूर, मग मायनिंग मेट किंवा ब्लास्टर, मग फोरमन, मग दुसऱ्या आणि पहिल्या वर्गाचा व्यवस्थापक. या सगळ्या प्रमाणपत्रांच्या परीक्षा खाण सुरक्षा महासंचालनालय घेतं. या कार्यालयाचा उगम १९०२चा, मुख्यालय धनबादला. केवळ उघड्या खाणींपुरतं मर्यादित प्रमाणपत्रही मिळतं, आणि दगडखाणीतल्या माणसाला तेच सोयीचं. मेट व्हायला इंजिनिअर असावं लागत नाही. नोंदलेला अनुभव, प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र, वैद्यकीय दाखला आणि नियमावलीचा अभ्यास एवढं लागतं. माझ्यासारखे व्यवस्थापक चांगल्या मेटच्या शोधात कायम असतात.

जे बारावीनंतर या क्षेत्रात यायचं म्हणतात त्यांच्यासाठी वाट विदर्भातून जाते. नागपूरला खाणकामाचा डिप्लोमा आहे, व्हीएनआयटीत पदवी आहे. धनबादची १९२६ची जुनी संस्था आता आयआयटी आहे. कोल इंडिया गेट परीक्षेच्या गुणांवर अभियंते घेते. १९७५ची वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि १९६२ची मॅंगनीजवाली मॉयल, दोन्ही नागपुरात मुख्यालय असलेल्या सरकारी कंपन्या. भंडाऱ्याच्या डोंगरी बुजुर्गपासून यवतमाळच्या वणीपर्यंत मराठी बोलणारी खाणगावं पसरली आहेत. मुलींनाही दार उघडलं आहे: २०१९च्या अधिसूचनेनंतर स्त्रियांना उघड्या खाणीत रात्रपाळी आणि भूमिगत खाणीत दिवसा तांत्रिक व देखरेखीची कामं, त्यांच्या लेखी संमतीने, करता येतात. ज्यांच्या आज्या खडी फोडत होत्या त्या घरातली मुलगी खाणीवर अधिकारी म्हणून उभी राहिलेली मला बघायची आहे.

पण भरवसा मात्र कुठल्याच खाणीचा देऊ नये. गोव्याचं उदाहरण ताजं आहे. २०१२मध्ये लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, आणि फेब्रुवारी २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द ठरवल्यावर मार्चच्या मध्याला पुन्हा बंद. ज्यांनी कर्ज काढून ट्रक आणि बार्जेस घेतल्या होत्या ते रस्त्यावर आले. आपल्याकडे इतकं मोठं काही होत नाही, पण लहान प्रमाणात सतत होतं. खाणपट्ट्याची मुदत संपते, शेजारी सोसायटी उभी राहते आणि धुळीच्या तक्रारी सुरू होतात. त्या बहुतेकदा रास्तच असतात. दंडाची नोटीस येते, मशीन सील होतं. शिवाय मृगापासून चार महिने खड्ड्यात पाणी. कर्जाने हायवा घेऊन 'धंदा' करायला निघालेल्या पोरांना मी हे चार महिने आधी हप्त्यांच्या कागदावर मांडायला लावतो. मांडल्यावर निम्मे गाडीचा विचार सोडतात.

म्हणून माझा सल्ला नोकरी शोधणाऱ्याच्या फायद्यापुरता रोखठोक आहे. खाणीवर पहिल्या दिवशी तीन गोष्टी मागा: रजिस्टरात नाव, वैद्यकीय तपासणी आणि प्रशिक्षणाचा दाखला. यात मालकाच्या खिशाला फारसं काही लागत नाही. जो हे द्यायला कां-कू करतो तो अपघात झाल्यावर तुम्हाला ओळखही दाखवणार नाही. दोन-तीन वर्षांनी, काम सोडताना, व्यवस्थापकाच्या सहीचा अनुभवाचा दाखला घेतल्याशिवाय फाटकाबाहेर पडू नका. नांदे-चांद्याची टेकडी आज ना उद्या संपेल, पण तिथं कमावलेलं मेटचं प्रमाणपत्र, कोळशाच्या खाणी सोडल्या तर, चंद्रपुरातही चालतं आणि झारखंडातही.