‘म्हणून’ हा शब्द कोणाचा?

आमच्या लहानपणी गोंदियात रात्री वीज गेली, की वडील ओसरीवर बसून जुन्या आठवणी सांगत. त्यांतली एक ठरलेली. नागपूरला बी. ए.चा शेवटचा पेपर दिला. पावसाळ्यात आजोबांचे पत्र आले. वळकटी बांधून ते गोंदियाला परतले आणि राईस मिलमध्ये हिशेबाला बसले. आजोबांनीच त्यांचे शिक्षण तोडले, अशी आमची खात्री झाली. आजोबांशी आम्ही अखेरपर्यंत अंतर राखून वागलो.

वडील गेल्यावर त्यांच्या पेटीत गुणपत्रिका सापडली. दोन विषयांत ते अनुत्तीर्ण झाले होते.

मग ते खोटे बोलले का? त्यांचे एकेक वाक्य आम्ही आठवून पाहिले. पेपर खरा, पत्र खरे, मिलही खरी. निकाल तेवढा गाळलेला. ‘म्हणून’ हा शब्द त्यांनी कधीच उच्चारला नव्हता. तो आम्ही घातला होता.

तेव्हा अगाथा ख्रिस्तीची ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ (१९२६) आठवली. (न वाचलेल्यांनी क्षमा करावी, रहस्य फोडल्यावाचून पुढे जाता येत नाही.) कथा सांगणारा डॉक्टर शेपर्ड हाच खुनी. अनेक वाचकांना ही फसवणूक वाटली. ज्याचे विचार वाचकाला कळत आले आहेत तो गुन्हेगार असू नये, असा नियमच रोनाल्ड नॉक्सने १९२९ मध्ये घालून दिला. परंतु कादंबरी दुसऱ्यांदा वाचावी. खुनाच्या वेळची दहा मिनिटे डॉक्टर एका संदिग्ध वाक्यात ओलांडतो. निवेदनात उघड खोटे असे सापडत नाही. अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’मधला लखोबा लोखंडे कोर्टात बेधडक खोटे बोलतो, पण त्याची सोंगे रंगमंचावर दिसत असल्याने आपण निर्धास्त असतो. शेपर्ड खरे सांगून फसवतो. गाळलेली जागा भरण्याचे काम तो आपल्यावर सोपवतो, आणि आपण ते आनंदाने करतो.

फ्रेंच समीक्षक पिएर बायार याने १९९८ मध्ये पुढचा प्रश्न केला : असा निवेदक विश्वासार्ह नसेल, तर त्याची कबुली तरी का मानावी?

गुणपत्रिकेपुढेही हाच प्रश्न उभा राहतो. वडील नापास झाले, एवढेच ती सांगते. आजोबांच्या पत्रात काय होते, हे तिला ठाऊक नाही, आणि ते पत्र काही सापडले नाही. तरीही या दोहोंमध्ये नवा ‘म्हणून’ लिहिण्याची घाई आम्हांला होतेच. पहिल्या ‘म्हणून’ची क्षमा मागावी, तर आजोबा आता नाहीत.