पाण्याची रेल्वे आणि तिसरी पाळी

देवासचं नाव काढलं की आपल्याकडची मंडळी दोनच प्रश्न विचारतात. नोटा छापतात तेच का हे गाव? आणि कुमार गंधर्व तिथेच राहायचे ना? दोन्ही खरं आहे. बँक नोट प्रेस 1970 च्या दशकात इथे आली, आणि कुमारजी 1948 साली प्रकृतीसाठी आले ते इथलेच होऊन राहिले. पण मी 1986 साली रावेरहून लग्न होऊन इथे आले, आणि तेव्हापासून माझ्या लेखी देवास म्हणजे आधी पाणी, मग बाकी सगळं.

आमचं माहेर केळीच्या बागांतलं. विहिरीवर मोटर लावली की पाट भरून वाहायचा. पाणी मोजून वापरायचं असतं हे मला ठाऊकच नव्हतं. तेव्हा सासरी यायचं म्हणजे खांडव्याला गाडी बदलून छोट्या लाईनच्या गाडीनं इंदूर, आणि तिथून बस. वाटेत नर्मदेचा पूल लागायचा. सगळा डबा हात जोडायचा, म्हाताऱ्या बाया खिडकीतून नाणी टाकायच्या. नर्मदा आमच्या देवास जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, नेमावरला लागून वाहते. पण गाव वसलं आहे विंध्याच्या अलीकडे, माळव्याच्या पठारावर. नदी जिल्ह्याची खरी, पण गावाला तिचा उपयोग नाही, अशी गत.

गाव तसं आपलंच म्हणायचं. पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीची दोन संस्थानं एकाच गावात नांदली. त्यामुळे मराठी घरं पुष्कळ, आणि टेकरीवर चामुंडेशेजारी तुळजाभवानीही आहे. आमच्या घरात मात्र संस्थानाचं काही उरलं नव्हतं. सासरे शाळेत कारकून होते आणि यजमान औद्योगिक क्षेत्रातल्या एका कारखान्यात फिटर.

1960 नंतर इथे कारखाने येत गेले. किर्लोस्करांचे पंप, टाटांचं चामड्याचं काम, गिअर, पोलादी नळ्या, औषधं. आजूबाजूच्या खेड्यांतली पोरं सायकलवर डबा अडकवून भोंग्याला पोचू लागली. माणसं वाढली, घरं वाढली, बोअरही वाढले. अनुपम मिश्र यांनी 'आज भी खरे हैं तालाब' या पुस्तकात देवासची ही गोष्ट लिहिली आहे. गावातले तलाव एकेक करून बुजवले गेले आणि त्यांवर घरं नि कारखाने उभे राहिले. पंप बनवणाऱ्या गावात पंपानं ओढायला पाणी उरलं नाही. यजमान हे हसत सांगायचे. मला हसू यायचं नाही, कारण हंडा माझ्या कमरेवर असायचा.

25 एप्रिल 1990 रोजी इंदूरहून पन्नास टँकरची रेल्वे पाणी घेऊन देवास स्टेशनात आली. मंत्री आले होते, ढोल वाजले. नर्मदेचं पाणी इंदूरला 1978 पासून नळानं येत होतं, तेच आता रुळांवरून आमच्याकडे आलं. स्टेशनातून ते पंपानं वर चढवायचं आणि मग गावात सोडायचं. सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, तू पुलावरून जिला पैसे टाकत होतीस ती आता स्वतः तिकीट काढून आली बघ." नमस्कार मात्र त्यांनीही केला.

रेल्वेच्या पाण्याचं कौतुक वर्तमानपत्रांनी केलं. घरात त्याचा हिशेब वेगळा होता. पाणी कधी सुटेल याचा नेम नाही, आणि कारखान्याची पाळी तर मिनिटावर चालते. यजमानांची रात्रपाळी असली की ते सकाळी येऊन डोळे मिटतात न मिटतात तोच गल्लीत आरोळी व्हायची. मला तेव्हा सातवा महिना होता. मला उचलू द्यायचे नाहीत, म्हणून स्वतः दोन-दोन बादल्या घेऊन रांगेत उभे राहायचे, तेल लागलेल्या कपड्यांतच. दुपारी दोन तास झोप, की पुन्हा संध्याकाळी डबा. मशीनवर डुलकी लागली तर बोट जातं. एकदा एका सोबत्याचं गेलंच. कारण म्हणून कागदावर निष्काळजीपणा लिहिला गेला. तो माणूस दोन दिवस पाण्यासाठी जागा होता, हे त्या कागदात बसण्यासारखं नव्हतं.

पण आमचं बरं होतं म्हणायचं. यजमान कायम नोकरीत होते. पोचायला उशीर झाला तर अर्ध्या दिवसाचा पगार कापला जायचा, एवढंच. शेजारच्या खोलीत टोंक खुर्दकडचं एक जोडपं राहायचं. भैया ठेकेदाराकडे हमाली करायचे, भाभी दाल मिलमध्ये धान्य निवडायला जायची. दोघांचाही हिशेब रोजचा. दारात उभं राहून कोणी एकानं पाणी भरायचं ठरवलं की एक रोज बुडाला. मग ते आळीपाळीनं घरी राहायचे. महिन्यातून सहा-सात रोज असे पाण्यात जायचे. विकतच्या टँकरचं पाणी महाग म्हणतात, त्यांना फुकटचं पाणी त्याहून महाग पडायचं. भाभी एकदा मला म्हणाली, "दीदी, गावात विहीर आटली म्हणून इथे आलो. इथे तर विहीरच नाही."

भैयांची तीन बिघे जमीन गावाला होती. रब्बीला पाणी नाही, म्हणून पावसाळ्यातलं सोयाबीन काढलं की शेत रिकामं. त्या काळी देवासला आलेल्या मजुरांतली निम्मीअधिक माणसं अशीच असावीत असं मला वाटतं. आपण म्हणतो कारखान्यांनी माणसं ओढली. मी पाहिलं ते असं, की कोरड्या पडलेल्या शेतांनी त्यांना ढकललं, आणि ती आली तीही कोरड्या गावातच.

पुढे 2000 नंतरच्या दशकात कारखान्यांसाठी थेट नेमावरहून नर्मदेचं पाणी आलं, शंभराहून अधिक किलोमीटर नळ टाकून. मला तेव्हा राग आला होता. वस्त्या तहानलेल्या आणि नळ कारखान्याच्या फाटकात! यजमानांचं म्हणणं पडलं, "अगं, उन्हाळ्यात पाण्यावाचून पाळी बंद ठेवतात तेव्हा घरी कोण बसतं? मालक बसतो का?" ते खरंच होतं. एका उन्हाळ्यात त्यांच्या कारखान्यात पाण्यावाचून तिसरी पाळी बंद होती, आणि ठेक्यावरच्या माणसांना 'नंतर या' सांगितलं होतं. तरी माझं मन पूर्ण वळलं नाही. कारखाना चालू राहिला याचा आनंद, पण कामगाराच्या घरचा माठ त्या योजनेत मोजला गेला नाही, तो नाहीच.

दरम्यान खेड्यांत वेगळंच काही घडत होतं. 2006 साली उमाकांत उमराव जिल्हाधिकारी म्हणून आले. त्यांनी शेतकऱ्यांना सांगितलं, बोअरच्या मागे धावू नका, शेताच्या दहाव्या हिश्श्यात तळं खोदा आणि पावसाचं पाणी साठवा. मोठ्या शेतकऱ्यांनी आधी पुढाकार घेतला. तळ्यांना 'रेवा सागर' नाव पडलं आणि खोदणारा झाला 'भगीरथ कृषक'. 2007 साली राज्य सरकारनं बलराम तालाब नावानं अनुदानही सुरू केलं. टोंक कलांसारख्या गावांत बघता बघता तळीच तळी झाली. जिथे बोअरसाठी कर्ज काढून माणसं बुडाली होती, तिथे गहू-हरभरा दिसू लागला. दहावा हिस्सा जमीन सोडणं तीन बिघेवाल्याला सोपं नाही, हेही सांगायला हवं. भैयांनी आणि त्यांच्या दोन चुलतभावांनी मिळून बांधाला बांध असलेल्या जमिनीत एकच तळं घेतलं. त्यावरून भांडणंही झाली, पण तळं राहिलं.

2009 च्या दिवाळीला भैयांनी ठेकेदाराचं काम सोडलं. खोली रिकामी करताना भाभीनं पाण्याचा निळा ड्रम मला दिला. "तिथे नाही लागणार," म्हणाली. मी घेतला. यजमान आता निवृत्त आहेत, मुलगी पुण्याला असते, ड्रम गच्चीवर आहे आणि मे महिन्यात अजूनही भरून ठेवावा लागतो. होळीच्या आसपास टोंक खुर्दच्या बसनं एक पिशवी येते. हिरवा हरभरा, सोलायला बसलं की अख्खी दुपार जाते.