माळढोकामागे एक वर्ष

गेले वर्षभर सुट्टी मिळेल तशी आम्ही घरची सगळी, अम्मींसह, दुर्मीळ पक्ष्यांमागे हिंडलो. मेळघाटात सागाच्या निष्पर्ण फांदीवर भरदिवसा रानपिंगळा दिसला. 113 वर्षे बेपत्ता राहून 1997 मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडलेला हाच. घुबडाचा अपशकुन हदीसने नाकारला आहे, तरी अम्मी आधी दचकल्याच! मग दुर्बीण सोडेनात.

सोलापूरजवळच्या नान्नजला मात्र तीन फेऱ्या झाल्या. काळविटांचे कळप पाहिले, माळढोक नाही. 1979 मध्ये ज्याच्यासाठी अभयारण्य झाले, तोच नाही. माळ शेतीखाली गेले, वर विजेच्या तारा, आणि मादी एका वेळी बहुधा एकच अंडे घालते.

परतताना लेक म्हणाली, "हजरत सुलैमान अलैहिस्सलामांनी हुदहुद दिसला नाही म्हणून चौकशी केली होती. याची कोण करतंय?"

पावसाळ्यात नर पिसे फुलवून मादीला साद घालतो. तेव्हा पुन्हा जाऊ, इन्शाअल्लाह.