विक्रमाचे मौनव्रत

पराक्रमी योद्धे जगात पुष्कळ होऊन गेले. पण लहान मुलांचा जीव जडतो तो फजिती होणाऱ्या योद्ध्यावर. स्पेनच्या सर्व्हान्तिसने १६०५ साली पवनचक्क्यांना राक्षस समजून भाला रोखणारा डॉन क्विक्झोट जगाला दिला. आपल्याकडे ही सोय त्याच्याही पाचशेहून अधिक वर्षे आधी झालेली होती. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त वेताळाच्या पंचवीस गोष्टी घातल्या आणि एका भल्या राजाच्या खांद्यावर प्रेत बसवून दिले.

१९८५ साली रामानंद सागर यांनी ह्या राजाला ‘विक्रम और बेताल’ म्हणून दूरदर्शनवर आणले. रविवारी दुपारी साडेचारला. राजा झाले होते अरुण गोविल, आणि खांद्यावर बसून खदाखदा हसणाऱ्या बेतालाचे काम करणाऱ्या नटाचे नाव होते सज्जन! “नाव सज्जन, अन् गुन पहा मेल्याचे,” असे आमची आजी दर रविवारी न चुकता म्हणे.

विक्रमाचे काम म्हटले तर सोपे. योग्याला शब्द दिलाय, तेव्हा स्मशानातल्या झाडावरचे प्रेत उतरवून त्याच्याकडे पोचते करायचे. अट एकच, वाटेत तोंड उघडायचे नाही. पण बेताल गोष्ट सांगणार, शेवटी प्रश्न टाकणार आणि वर दम भरणार की, उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोक्याची शकले होतील. झाले! राजा उत्तर देणार, बेताल उडून पुन्हा झाडावर. सरकारी कचेरीतल्या फाईलचाही इतका फिरता प्रवास होत नसेल. “बोलू नको ना रे!” म्हणून आम्ही मुले टीव्हीपुढे ओरडायचो. पण ऐकेल तर तो राजा कसला?

नांदुऱ्याला तेव्हा महामार्गावरचा १०५ फुटी हनुमान उभा राहिलेला नव्हता. आमच्या गल्लीतली सर्वांत उंच वस्तू म्हणजे काकांच्या माडीवरचा अँटेना. टीव्ही काकांकडे होता. आणि काका व बाबा यांच्यात अकरा वर्षांचा अबोला होता. न्हाणीच्या मोरीचे पाणी कोणाच्या अंगणातून जावे, हे त्याचे कारण. वाडा एक, मधली भिंत एक, दोन्हीकडच्या फोडणीचा वास एक. पण बोलणे म्हणून नाही. निरोप आजी पोचवायची. तिचे सकाळचे जेवण आमच्याकडे आणि रात्रीचे काकांकडे, म्हणजे बेतालासारखी तीही मधल्या मधे लटकलेली. मुलांना मात्र दोन्ही दारे उघडी होती. आम्ही टीव्हीसमोर बसलो की बाबा पलीकडे भिंतीला पाठ टेकून वर्तमानपत्र वाचत. अर्ध्या तासात त्यांचे एक पानही उलटत नसे!

एका रविवारी राजाने प्रेत खांद्यावर घेतले आणि वीज गेली. मुलांनी गलका केला, तेव्हा आजी म्हणाली, “गप बसा रे. तुमच्या त्या बेतालाच्या आधीपासून मले ह्या गोष्टी येतात.” आणि तिने अदलाबदल झालेल्या मुंडक्यांची गोष्ट काढली. एका बाईच्या नवऱ्याने आणि भावाने देवीपुढे आपापली शिरे कापून वाहिली. देवी प्रसन्न होऊन म्हणाली, मुंडकी धडांना जोड, दोघेही उठतील. बाईने घाईघाईत नवऱ्याचे मुंडके भावाच्या धडाला लावले आणि भावाचे नवऱ्याच्या. दोघे उठून उभे राहिले!

“सांगा आता,” आजीने अंधारात विचारले, “तिचा नवरा कोनता?”

काकांचे अडतीचे दुकान. त्यांनी तिथल्या तिथे भाव फोडला. “धडाचा! लग्नाले पाणिग्रहण म्हनतेत. पाणि म्हणजे हात. हात असतेत धडाले!”

क्षणभर शांतता झाली. आणि भिंतीपलीकडून शाळामास्तरी आवाज आला, “अन् मंगलाष्टकं काय हातानं ऐकली त्यानं? कान डोक्याले असतेत!”

“हार कुठं घातला मग? गळ्यातच ना?”

“गळा कोनाकडं धरता तुम्ही?”

गळ्यावर मात्र दोघेही अडले, कारण कापला होता तो नेमका तिथेच. ह्याच कोड्याच्या धाग्यावर गिरीश कर्नाडांनी ‘हयवदन’ नाटक लिहिले. आमच्याकडे भांडण झाले. पण अकरा वर्षांत त्या दोघांनी एकमेकांना उद्देशून काढलेले ते पहिले शब्द होते. माझी चुलतबहीण किंचाळली, “बोलले! मोठे बाबा बोलले!” आणि आजी अंधारात हसली. इतके बेतालासारखे हसणे सज्जन ह्यांनाही साधले नसते.

कथासरित्सागरातल्या राजाचा निकाल मुंडक्याच्या बाजूने आहे. सर्व अवयवांत मस्तक श्रेष्ठ म्हणून. आजीने तो जाहीर केला तेव्हा काका म्हणाले, “राजाले काय समजते त्यातलं!” पुढच्या रविवारी बाबा स्वतःची खुर्ची घेऊन काकांच्या दारात बसले. आत नाही, दारातच. निकालावर अपील होण्याचा संभव होता ना!

१९८७ साली ‘रामायण’ सुरू झाले आणि विक्रमाचा राम झाला. पाहता पाहता तो हनुमानाच्या खांद्यावर बसला, तेव्हा बाबा म्हणाले, “इतके दिवस वाहिलं, आता वसूल करतो आहे.” तोवर ते दारातून आत, काकांच्या शेजारी सरकलेले होते. मोरीचे पाणी आहे तिथूनच वाहत होते.

पंचविसाव्या गोष्टीत राजा गप्प राहतो, कारण त्याला खरोखरच उत्तर येत नाही. बापाने मुलीशी आणि मुलाने तिच्या आईशी लग्न केले, तर दोघींची मुले एकमेकांची कोण? (आमच्या आजीने हे तांदूळ निवडता निवडता सांगितले असते.) त्या मौनावर बेताल प्रसन्न होतो, योग्याचे कपट सांगतो आणि राजा वाचतो. म्हणून शहाणे लोक म्हणतात, विक्रम शेवटी गप्प राहिला म्हणून जिंकला.

मला तसे वाटत नाही. मला त्याच्या आधीच्या चोवीस फजित्या जास्त मोलाच्या वाटतात. ठाऊक असून गप्प बसले तर डोक्याची शकले होतात, ही बेतालाची धमकी अगदीच खोटी नव्हती. फक्त ती डोक्याची होत नाहीत, वाड्याची होतात.