आधी बोर्डाला विचारावे

पूर्णा जंक्शनवरचे रूळ आज एकाच मापाचे आहेत. परभणीकडे जा, नांदेडकडे जा, हिंगोलीवरून अकोल्याकडे जा, सगळीकडे १६७६ मिलिमीटरचे ब्रॉडगेज. गावातल्या चाळिशी ओलांडलेल्या माणसांना मात्र इथली दोन मापे आठवतात. निजामाच्या काळात, १९०० च्या सुमारास, गोदावरीच्या खोऱ्यातून मनमाड ते सिकंदराबाद लोहमार्ग आला तो मीटरगेजचा, बरोबर १००० मिलिमीटर रुंदीचा. १९१२ मध्ये हिंगोलीकडे फाटा फुटला, तोही त्याच मापाचा. १९९० च्या दशकात मुख्य मार्ग रुंद होऊ लागला, पण अकोल्याच्या मार्गावर ब्रॉडगेज यायला २००८ उजाडले. त्या मधल्या वर्षांत नांदेडहून आलेला माणूस ट्रंक, पोते आणि लेकरे सांभाळत पूर्णेला उतरे आणि अकोल्यासाठी दुसऱ्या गाडीत चढे. इंजिन कितीही ताकदीचे असो, ६७६ मिलिमीटरचा फरक त्याला ओलांडता येत नव्हता.

जुना डेस्कटॉप नवा करायची गोष्ट निघाली की मला हे दोन रूळ आठवतात. पीक विम्याच्या दिवसांत सेवा केंद्रात, लग्नसराईत पत्रिका जुळवणाऱ्या डीटीपीच्या दुकानात, शिकवणीच्या वर्गात दहा-बारा वर्षांपूर्वी असेंबल केलेली मशीन अजून इमानाने चालत असतात. ती मंदावली की कुणीतरी म्हणतो, "प्रोसेसर बदलून टाका, मोठा आय-सेव्हन बसवा." वापरलेला प्रोसेसर स्वस्तात मिळतो. नांदेडला जाऊन आणावा किंवा घरबसल्या मागवावा, एवढेच काम उरले असे वाटते. अशा वेळी पहिला प्रश्न नव्या प्रोसेसरबद्दल विचारला जातो. तो किती गिगाहर्ट्झचा, किती कोअरचा? खरे तर पहिला प्रश्न आतल्या हिरव्या-काळ्या मदरबोर्डाला विचारायचा असतो: तुला कोण चालेल?

बोर्डाचे पहिले उत्तर मापाचे असते. प्रोसेसर ज्या चौकटीत बसतो तिला सॉकेट म्हणतात, आणि इंटेलच्या सॉकेटच्या नावातला आकडा तिथल्या टोकांची संख्या सांगतो. २००९ मध्ये एलजीए ११५६ आले, २०११ मध्ये ११५५, २०१३ मध्ये ११५०, २०१५ मध्ये ११५१, २०२० मध्ये १२०० आणि २०२१ मध्ये १७००. ११५६ आणि ११५५ यांत फरक एका टोकाचा, पण एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात बसत नाही. खाचाच वेगळ्या जागी केलेल्या असतात. तिथे जोर लावला तर बोर्डावरच्या केसाएवढ्या पिना वाकतात आणि चालू असलेले मशीनही हातचे जाते.

माप जुळले तरी बोलणी संपत नाहीत. सहाव्या आणि सातव्या पिढीचे इंटेल प्रोसेसर एलजीए ११५१ वर बसत. ऑक्टोबर २०१७ मध्ये आठवी पिढी आली, तीही ११५१ टोकांचीच. पाहणाऱ्याला दोन्ही सारखी. पण वीज घेणाऱ्या टोकांची मांडणी बदलली होती आणि कंपनीने नव्या पिढीला बोर्डाचा कारभार पाहणारा चिपसेट ३०० मालिकेचाच आवश्यक ठरवला होता. जुन्या बोर्डावर असा प्रोसेसर नीट बसतो, पंखा फिरतो आणि डिस्प्ले येत नाही. रूळ एकाच मापाचे असले तरी पूल किती भार पेलेल हे वेगळे तपासावे लागते, तसा चिपसेट वेगळा तपासावा लागतो.

तिसरी गोष्ट ओळखीची. बोर्डावरच्या एका लहान चिपमध्ये बायोस असतो. मशीन सुरू होताच समोर कोणता प्रोसेसर आहे हे तोच ओळखतो. २०११ साली दुसऱ्या पिढीसाठी निघालेल्या एच६१ बोर्डावर तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर चालवायचा तर बहुधा बायोस आधी अद्ययावत करावा लागतो, आणि तो जुना प्रोसेसर बसलेला असतानाच करून घ्यावा. नवा बसवला आणि बोर्डाने त्याला ओळखलेच नाही, तर ती ओळख शिकवायला मशीन सुरू कसे होणार? ही अडचण इतकी खरी होती की २०१८ मध्ये इंटेलची स्पर्धक असलेल्या एएमडीने अडलेल्या ग्राहकांना बायोस अद्ययावत करण्यापुरता जुना प्रोसेसर उसना दिला होता. त्याच कंपनीचे एएम४ सॉकेट पहिल्या रायझन प्रोसेसरपासून, म्हणजे २०१७ पासून, ५००० मालिकेपर्यंत टिकले. पण काही बोर्डांच्या बायोस चिपमध्ये १६ मेगाबाइटचीच जागा होती. नव्यांची ओळख भरताना काही उत्पादकांना जुन्यांची ओळख काढून टाकावी लागली. इतक्या लांब साथीलाही अशी किंमत मोजावी लागते.

आपल्या भागात या कामाला आणखी एक खबरदारी लागते. बायोस लिहिला जात असताना वीज गेली तर बोर्ड कायमचा मुका होऊ शकतो. म्हणून यूपीएसची बॅटरी धड असल्याची खात्री केल्याशिवाय त्या कामाला हात घालू नये. उन्हाचेही तसेच. ६५ वॉटचा आय-थ्री काढून ९५ वॉटचा आय-सेव्हन बसवला की बोर्डाच्या वीज पुरवणाऱ्या भागावर ताण वाढतो, आणि स्वस्त बोर्डांवर तिथे उष्णता शोषणारी पट्टीही नसते. मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात हा ताण दुप्पट जाणवतो. कूलर, एसएमपीएस आणि नवी थर्मल पेस्ट यांचा विचार त्याच दिवशी व्हावा.

हे सारे तपासायला कुणी इंजिनियर लागत नाही. कॅबिनेटचे झाकण उघडले की बोर्डावर ठळक अक्षरांत त्याचे नाव आणि आवृत्ती छापलेली दिसते. झाकण उघडायचे नसेल तर सीपीयू-झेड हा मोफत प्रोग्राम नाव आणि बायोसची तारीख दोन्ही दाखवतो. मग उत्पादकाच्या संकेतस्थळावर त्याच बोर्डाची, त्याच आवृत्तीची प्रोसेसरांची यादी उघडावी. हव्या त्या प्रोसेसरसमोर कोणत्या बायोसपासून तो चालतो हे लिहिलेले असते. यादीत नाव नसेल, तर विकणाऱ्याच्या "बसेल हो" या शब्दावर पैसे देऊ नयेत. रॅमही पाहावी. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकींच्या जागी बसत नाहीत.

कधी कधी यादी होकार देते आणि तरीही थांबावे लागते. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे, मोजके अपवाद सोडता, इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालते. तिसऱ्या पिढीचा आय-सेव्हन जुन्या बोर्डावर उत्तम बसेल, पण ज्याला नवी प्रणाली हवी आहे त्याला तो तिथवर नेणार नाही. अशा वेळी बोर्ड, रॅम आणि प्रोसेसर एकत्र बदलणे हाच प्रामाणिक सल्ला. १९९२ मध्ये रेल्वेने देशभर एकच माप आणायचे ठरवले तेव्हा इंजिनांवर भागले नाही, रूळच उखडून नव्याने टाकावे लागले. आणि मशीन नुसते मंदावलेले असेल, तर प्रोसेसरला हात न लावता जुन्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवून पाहावी. साटाची जोडणी असलेला जुना बोर्डही तिला सामावून घेतो, आणि पुष्कळदा तेवढ्याने काम भागते.

एका मशीनवर घर चालवणाऱ्या माणसाचा पैसा मोजून जमवलेला असतो. चुकीचा प्रोसेसर घरी आला तर पैसा जातो आणि गर्दीच्या हंगामात मशीन बंद पडते. म्हणून माझी एक आग्रहाची विनंती आहे. पुढच्या वेळी झाकण उघडाल तेव्हा बोर्डाचे नाव, आवृत्ती, बायोस आणि चालणाऱ्या सर्वांत मोठ्या प्रोसेसरचे नाव एका कागदावर लिहा आणि कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवून टाका. ते मशीन उद्या ज्याच्या हाती जाईल, त्याची चौकशी अर्धी झालेली असेल.