एक बटण तर लावायचंय

नाशिकमध्ये 'टॅलीवाला' म्हटलं की दोन प्रकारची माणसं डोळ्यांपुढे येतात. एक, महिन्यातून चार वेळा दुकानात येऊन नोंदी मारून जाणारा अकाउंटंट. दुसरा, टॅली उघडेना झालं की ज्याला फोन करायचा तो. मी तिसरा आहे आणि तिसऱ्यासाठी शब्द नाही. टॅलीत जे नाही ते मी बसवून देतो. बिलावर गाडी नंबरचा रकाना, उधारीच्या यादीत शेवटचे पैसे कधी आले ते दाखवणारी ओळ, चलनावर मराठीत नाव. टॅलीची स्वतःची टीडीएल नावाची भाषा आहे. तिच्यात लिहायचं, फाईल तयार करायची, गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरवर चढवायची. आमच्या धंद्यात याला ॲड-ऑन म्हणतात. गिऱ्हाईक याला बटण म्हणतं.

"एक बटण तर लावायचंय. किती घेशील?"

गेली सात वर्षं या वाक्यावर माझं घर चालतंय, त्यामुळे त्याबद्दल मला राग नाही. कुतूहल मात्र आहे. कारण हे विचारणारा माणूस कंजूस नसतो. लासलगावचा कांदा व्यापारी एका दुपारी भाव पडल्यामुळे गेलेले लाख रुपये चहा पीत पचवतो, आणि दीड हजार की दोन हजार यावर माझ्याशी वीस मिनिटं घालतो. प्रश्न नुसत्या पैशांचा असता तर ती वीस मिनिटंच त्याला परवडली नसती. आपण फसत नाही आहोत एवढं त्याला कळायला हवं असतं. कांद्याचं त्याला कळतं. चार कांदे उचलतो, दाबतो, पत्ती बघतो, भाव बोलतो. माझं बटण दाबून बघता येतं, पण त्यावरून भाव कळत नाही. मग तो जवळची एखादी वस्तू शोधतो आणि माझं बटण तिच्या शेजारी ठेवून बघतो.

सगळ्यात जवळची वस्तू म्हणजे खुद्द टॅली. २०२४ मध्ये एका कॉम्प्युटरसाठीचं टॅलीप्राइम २२,५०० रुपये अधिक जीएसटीला मिळत होतं. भांडी बाजारातल्या एका शेठनी मला हिशोब मांडून दाखवला होता. "सायकल साडेबावीस हजाराची, आणि तुझी घंटी आठ हजाराची?" याला तोंडावर उत्तर देणं अवघड आहे. खरं उत्तर असं की ती सायकल वीस लाखांहून जास्त लोकांनी घेतलीय. १९८६ साली बंगळुरूत श्याम सुंदर गोयंका यांना स्वतःच्या धंद्यासाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर हवं होतं, बाजारात मनासारखं मिळेना, म्हणून त्यांच्या मुलानं, भरत गोयंकांनी, ते लिहिलं. म्हणजे टॅलीसुद्धा एका व्यापाऱ्याच्या गरजेतून निघालेलं बटणच. फरक इतकाच की ती गरज देशभरातल्या दुकानांची निघाली आणि खर्च सगळ्यांत वाटला गेला. मी जे लिहितो त्याची गरज नाशिक, निफाड आणि दिंडोरी मिळून फार तर चाळीस जणांना असते. घंटी चाळीस सायकलींसाठीच बनवायची असेल तर ती महागच पडणार. हे मी शेठना सांगितलं. ते म्हणाले, "मग चाळीस जण शोधायचं काम तुझं ना, माझं कशाला?" यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

दुसरी जवळची वस्तू म्हणजे खिशातला मोबाईल. त्यात तर सगळं फुकट. २०१५ मध्ये गूगल प्लेनं भारतात ॲपची किमान किंमत ५० रुपयांवरून १० रुपयांवर आणली. तेवढेही देणारे कितीसे भेटतात? मराठी सॉफ्टवेअरचा इतिहासही काहीसा असाच आहे. डीटीपीवाले पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं 'श्रीलिपी' विकत घ्यायचे. त्याच्याबरोबर एक लॉक यायचं, कॉम्प्युटरला मागे खोचायचं, आणि दुकानदार ते सोन्यासारखं जपायचा. मग युनिकोड आलं, आणि मराठी वेबसाइटवर सरळ मराठीत लिहिता यावं म्हणून 'गमभन' आलं. तेही एक ॲड-ऑनच, आणि फुकट. त्यावर कितीतरी लोकांनी पहिल्यांदा मराठी टाइप केलं. आज कुणाला मराठी कीबोर्डचे पैसे मागून बघा. लॉक जपणारा माणूस आणि पैसे मागितल्यावर हसणारा माणूस एकच आहे, मध्ये फक्त काही वर्षं गेली आहेत.

तिसरी तुलना वेळेची असते आणि ती सगळ्यात चिवट. "तुझे किती दिवस गेले? तेवढी हजेरी धर." ऐकायला रास्त वाटतं. पण हेच बटण दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे नेलं की तो म्हणतो, "तुझं तर बनवून झालंय. मला नुसती कॉपी द्यायचीय." पहिला म्हणतो मेहनतीचे घे, दुसरा म्हणतो मेहनत तर झालीच नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि त्या दोघांच्या मध्ये मी.

हे सगळं एकदा पिंपळगाव बसवंतला माझ्या अंगावर आलं.

तिथे टोमॅटोचा मोठा बाजार आहे. वीस किलोचं प्लास्टिकचं क्रेट हे माप, आणि सगळे त्याला कॅरेट म्हणतात. व्यापारी शेतकऱ्याला रिकामी कॅरेट देतो, भरून येतात तेव्हा मोजून घेतो, आणि हंगामाच्या शेवटी दोनशे कॅरेट कुठे गेली ते कुणालाच सांगता येत नाही. एका व्यापाऱ्याला (मी त्यांना शेठच म्हणतो) प्रत्येक पट्टीवर 'बाकी कॅरेट' आपोआप यायला हवं होतं. तीन आठवडे लागले. त्यातला निम्मा वेळ त्यांच्या गाळ्यावर बसून समजून घेण्यात गेला. उदाहरणार्थ, न आलेल्या कॅरेटचे पैसे ते त्याच दिवसाच्या पट्टीतून कापत नाहीत, पुढच्या पट्टीतून कापतात. कारण पहिल्याच पट्टीत कापले तर शेतकरी रागावून दुसऱ्या दिवशी शेजारच्या गाळ्यावर जातो. हे कुठल्याही पुस्तकात नाही. ते शेठच्या डोक्यात होतं, तिथून ते माझ्या फाईलमध्ये आलं.

बारा हजार ठरले, बारा हजार मिळाले. दोन महिन्यांनी त्याच बाजारातल्या दुसऱ्या एका गाळ्यावर मी तेच बटण चार हजाराला लावून दिलं.

संध्याकाळी शेठचा फोन. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं. "अरे, कॅरेट कधी कापायची ते तुला मी सांगितलं. माझ्या पैशानं बनवलंस. आणि त्याला तिसऱ्या भागात दिलंस?"

माझे वडील अंबडला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होते. सातपूर-अंबडचा निम्मा जीव जॉबवर्कवर आहे आणि तिथे हा प्रश्न फार पूर्वी सुटलेला आहे. गिऱ्हाईक आधी डायचे पैसे देतं, मग पीसचा रेट वेगळा. डाय कारखान्यात पडलेली असली तरी ती गिऱ्हाइकाची. तिच्यावर दुसऱ्याचा माल मारायचा नाही. वडिलांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "डाय कुणाची?"

मी म्हटलं, "पप्पा, लोखंडाची डाय झिजते. ही झिजत नाही. दुसऱ्याला दिली म्हणून शेठचं काही कमी होत नाही."

"म्हणूनच तुमच्यात भाव ठरत नाही," ते म्हणाले आणि टीव्ही लावला.

मी रात्री हिशोब केला. तीन आठवड्यांत मी एरवीची कामं केली असती तर चोवीस-पंचवीस हजार झाले असते. म्हणजे शेठनी डायचे अर्धेच पैसे दिले होते, उरलेले मी घातले होते, दुसऱ्या गाळ्यांवर निघतील या भरवशावर. दुसऱ्याला विकायचा मला हक्क होता असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. तसं मी दुसऱ्या दिवशी शेठना समोर बसून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "म्हणजे डाय अर्धी माझी. मग त्याच्या चार हजारांतले दोन माझे."

व्यापारी तो व्यापारी. पण गणित चुकीचं नव्हतं. ते दोन हजार मी त्यांच्या पुढच्या वर्षीच्या देखभालीत वळते केले.

या भावाच्या न्यायबुद्धीवर अर्थशास्त्रात बरंच काम झालंय. डॅनियल काहनेमान, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९८६ मध्ये लोकांना विचारलं होतं की बर्फाचं वादळ झाल्यावर दुकानदारानं १५ डॉलरचं बर्फ उपसायचं फावडं २० डॉलरला लावलं तर ते बरोबर का? ८२ टक्के लोक म्हणाले, नाही. अर्थशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे मागणी वाढली की भाव वाढणारच. माणसांच्या हिशोबात मात्र दुसऱ्याच्या अडचणीवर वाढवलेला भाव हा भाव नसतो. आमच्याकडचं वादळ म्हणजे सरकारी तारखा. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस सक्तीचं झालं, तेव्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मी रात्री एकपर्यंत लोकांची बिलाची छपाई नीट करत बसलो होतो. दुप्पट मागितले असते तर मिळाले असते. मी नेहमीचेच घेतले. चांगुलपणा म्हणून नाही, हीच माणसं मला पुढची दहा वर्षं भेटणार आहेत म्हणून.

दुसऱ्या बाजूनं मात्र न्याय कुणी विचारत नाही. एक्सेलमधून नोंदी टॅलीत ओढणारं माझं एक बटण बरं चालायचं. डिसेंबर २०२३ मध्ये टॅलीप्राइमची ४.० आवृत्ती आली आणि ती सोय आतच आली. ज्यांनी पैसे भरले होते त्यातल्या तिघांनी फोन करून विचारलं, आता परत देणार का? घंटी आता सायकलबरोबर फुकट मिळत होती, त्यामुळे जुन्या घंटीचा भाव मागच्या तारखेपासून शून्य झाला असं त्यांचं म्हणणं. परत नाही दिले. त्यातला एक अजून बोलत नाही.

हिंजवडीला गेलेले मित्र विचारतात, हे सोडून नोकरी का करत नाहीस. दरवर्षी मार्चमध्ये मीही स्वतःला विचारतो. पण नोकरीत कॅरेट कधी कापायची ते मला कोण सांगणार?

आता मी सुरुवातीलाच दोन भाव सांगतो. पूर्ण भाव दिलात तर डाय तुमची, नाशिक जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला देणार नाही. अर्धा दिलात तर ती माझी, मी कुणालाही विकेन, आणि तुमच्या शेजाऱ्याला स्वस्त पडली तर फोन करायचा नाही. जवळजवळ सगळे अर्धा भाव निवडतात. फोनही करतात. पूर्ण भाव देणारा आजवर एकच भेटला, दिंडोरीकडचा एक द्राक्ष निर्यातदार. प्लॉटप्रमाणे मालाचा हिशोब दाखवणारी यादी त्याला फक्त स्वतःसाठी हवी होती. यादी मिळाली, आणि आठवड्यात त्यानं एका लग्नात मोबाईलवर ती चौघांना कौतुकानं दाखवली. त्यातले दोघं मला फोन करून गेले. मी नाही म्हटलं.

आणि परवा पिंपळगावच्या त्या दुसऱ्या गाळ्यावरून फोन होता. शेठकडे आता शेतकऱ्याच्या मोबाईलवर कॅरेटचा मेसेज जातो म्हणे. "शेठनी पैसे भरून झालेत ना?" त्यानं विचारलं. "मग मला काय लावशील?"